उसातली २१ फुटी हुमणी: टीव्हीसाठीच्या एका कमी खर्चाच्या राक्षसपटाचं प्रकरण

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात नोव्हेंबरात ११ दिवसांत एक विज्ञानपट चित्रित झाला. वाहिनीवरची जागा दीड तासाची होती. केबल टीव्हीच्या नियमांत जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती त्यातच धरून. दीड तासातून १८ मिनिटं गेली की पटाला ७२ मिनिटं उरतात. एकूण खर्च १४ लाख, युनिट २२ जणांचं, आणि राक्षस म्हणजे २१ फूट लांबीची हुमणी, उसाची मुळं खाणारी अळी. शेवटची १४ मिनिटं ज्या प्लॉटमध्ये चित्रित व्हायची होती, त्या प्लॉटमध्ये सातव्या दिवशी सकाळी ऊसतोड टोळी कोयते घेऊन उतरली. तोवर चिखलात भिजून राक्षसाचं सोंग एकदा निकामी होऊन दुरुस्त झालेलं होतं. ही दोन्ही संकटं टाळता येण्यासारखी होती. ती का आली आणि त्यातून पट कसा उभा राहिला, ते इथे तपशिलानं मांडलं आहे.

हुमणीच का

सांगलीत राक्षसपट म्हटला की पहिलं नाव मगरीचं निघतं. पहिल्या खर्ड्यातही मगरच होती. ती काढली ते बरं झालं. कृष्णेत खऱ्या मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरून चित्रीकरण करणं हा नसता धोका. शिवाय भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरीनं माणसं नेली आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं, त्याच घरासमोर रबराची मगर नाचवणं बरोबर नाही.

हुमणी मात्र इथल्या प्रत्येक शेतकऱ्यानं हातात धरलेली असते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे प्रौढ भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर गोळा होतात. मादी जमिनीत अंडी घालते, अळी मुळं खाते आणि वरून हिरवा दिसणारा ऊस हळूहळू पिवळा पडतो. ओढला की ठोंब अलगद हातात येतो. भीतीची ही सगळी सामग्री गावात आधीच होती. उसाचा ठोंब कुणीतरी सहज उपटतो, ही पटाची पहिली चौकट, आणि ती फुकटात मिळाली.

एवढी मोठी अळी होते कशी, याला कथेत दीड मिनिट दिलं, आणि ते पुरेसं आहे. आधार खऱ्या कीटकशास्त्राचा होता. कीटकाच्या अंगात जोवर जुवेनाइल हार्मोन भरपूर असतं, तोवर ती अळीच राहते आणि कात टाकून वाढत जाते. १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये कारेल स्लामा आणि कॅरोल विल्यम्स यांना एका जातीचे ढेकणासारखे किडे प्रौढच होईनासे दिसले. जादा कात टाकून ते नेहमीपेक्षा मोठे झाले. कारण सापडलं ते पिंजऱ्यात अंथरलेल्या अमेरिकन कागदात: ज्या झाडापासून तो कागद होतो, त्यात या हार्मोनसारखं द्रव्य होतं. पटात कागदाच्या जागी एक फसलेला जैविक प्रयोग आला. प्रत्यक्षात २१ फुटांची अळी जगणार नाही, कारण कीटक अंगावरच्या छिद्रांतून आणि नळ्यांतून श्वास घेतात आणि एवढ्या जाड शरीरात हवा आतवर पोचत नाही. पण हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात यायला हार्मोनची गोष्ट आधी पटलेली असावी लागते, आणि ती पटली की तो पुढचं सोडून देतो.

आधी सेकंद मोजायचे, मग राक्षस काढायचा

अशा पटाचा खरा आकडा रुपयांत नसतो. राक्षस पडद्यावर किती सेकंद आणि कोणत्या रूपात दिसणार, हा तो आकडा. इथे संहिता पक्की होण्याआधीच तो ठरवला, आणि या युनिटनं केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच. हुमणीला एकूण ३७० सेकंद मिळाले. त्यातले २१५ सेकंद ती दिसतच नाही: शेंडे हलतात, माती फुगते, ठोंब खाली ओढला जातो. १२१ सेकंद तिचा एखादाच अवयव दिसतो: जबडा, पुढचा पाय, अंगाची दोन कडी. पूर्ण अळी फक्त ३४ सेकंद. पाच ब्रेकच्या आधी काय दिसणार तेही याच कोष्टकात लिहिलं. पहिल्या दोन ब्रेकना फक्त शेंडे आणि माती, तिसऱ्याला पाय, चौथ्याला जबडा. पाचव्या ब्रेकनंतर अख्खी अळी.

याला जुना दाखला आहे. १९६०च्या दशकात दिग्दर्शक लॅरी ब्यूकॅनन यांनी टेक्सासमधल्या डॅलसला अमेरिकन इंटरनॅशनल या चित्रपट कंपनीच्या टीव्ही शाखेसाठी १६ मिमी रंगीत फिल्मवर अत्यल्प पैशांत असे पट काढले. त्यांतले राक्षस भर उजेडात, समोरून, बराच वेळ दिसतात. सोंगाची शिवण लपत नाही आणि भीती जाते. पैसे कमी होते हे खरं, पण चूक पैशांची नव्हती. टीव्हीसाठी केलेलं सोंगही उत्तम असू शकतं: १९७२ साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर आलेल्या ‘गार्गॉइल्स’ला रंगभूषेचं एमी पारितोषिक मिळालं, आणि त्या चमूत पुढे हॉलिवुडमध्ये राक्षसांसाठी नावाजलेले स्टॅन विन्स्टन तरुणपणी होते.

न दिसणाऱ्या २१५ सेकंदांना खर्च जवळजवळ नव्हता, पण मेहनत होती. ऊस हलवण्यासाठी एका सरीतले आठ-दहा ऊस एका नायलॉन दोरीला बांधायचे, अशा तीन दोऱ्या, आणि चार माणसांनी मोजून एकामागून एक ओढायच्या. पहिल्या दिवशी दोरी छातीच्या उंचीवर बांधली गेली. शेंडे झटक्यानं वाकायचे आणि कुणीतरी ओढतंय हे लगेच कळायचं. दोरी जमिनीपासून दीड फुटावर आणली, तेव्हा खालून अंग घासत गेल्यासारखा अख्खा ऊस डोलू लागला. हे काम सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढ्या वेळातच होतं. नंतर वारा सुटतो, सगळेच शेंडे हलतात आणि राक्षसाची वाट त्यात हरवते. कॅमेरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, १४ फुटांवर. लेन्स ८५ मिमी किंवा लांब, म्हणजे सऱ्या एकमेकींना चिकटून दाट दिसतात.

माती फुगवायला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब चार इंच मातीखाली पुरली आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं लांब नळीतून हवा भरली. ओली काळी माती नुसती ढेकूळ होऊन वर येते, भेगा पडत नाहीत. कोरडी चाळलेली माती दोन भाग आणि भुसा एक भाग असं मिश्रण केल्यावर हव्या तशा भेगा पडल्या. टायरबाहेरची ट्यूब एका बाजूला फुगून फुटू शकते, म्हणून हवा हळू सोडायची आणि दहा फुटांत कुणी उभं राहायचं नाही.

सोंग

अळी दोन मापांत केली. नटांच्या जवळच्या दृश्यांसाठी खऱ्या मापाचं तीन फूट रुंदीचं डोकं आणि जबडा. पूर्ण अळीसाठी माणसानं आत शिरून सरपटायचं सात फुटी सोंग, म्हणजे एक तृतीयांश माप.

लहान सोंग मोठं कशाच्या शेजारी दिसणार, हा प्रश्न नेपियर गवतानं सोडवला. दूधवाल्यांच्या रानात हे गवत असतंच. कापणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी ते चार फुटांचं होतं आणि हुबेहूब लहान उसासारखं दिसतं. बारा फुटांच्या उसाच्या जागी चार फुटांचं गवत, एकवीस फुटांच्या जागी सात फुटांचं सोंग, प्रमाण जुळतं. वजनही चालीतून दिसावं लागतं. माप जितक्या पटीनं लहान, त्या पटीच्या वर्गमुळानं सेकंदाच्या फ्रेम वाढवायच्या, म्हणजे हालचाल संथ आणि जड दिसते. तीनचं वर्गमूळ १.७३, नेहमीच्या पंचवीस फ्रेमना गुणून ४३. कॅमेऱ्यावर जवळचा आकडा ५० होता, शटर १/१००. आतल्या कलाकारानं मात्र दुप्पट चपळाईनं हलायचं, नाहीतर पडद्यावर अळी पेंगुळलेली वाटते.

सांगाडा ठिबक सिंचनाच्या १६ मिमी नळीचा, म्हणजे लॅटरलचा. अडीच फुटांपासून निमुळती होत जाणारी दहा कडी, एकमेकींपासून आठ इंचांवर, एकूण सत्तर फूट नळी. नुसती लॅटरल मोठ्या कड्यात मुरडते, म्हणून आतून आठ गेजची जीआय (जस्त चढवलेली) तार. त्यावर मांजरपाटाचे दोन थर, १४ मीटर, दोन कड्यांमध्ये झोळ ठेवून. कातडीला घड्या पडायला तो झोळ लागतो. वरून लिक्विड लॅटेक्सचे पाच हात, १० लिटर. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. लॅटेक्समध्ये अमोनिया असतो, तेव्हा हे काम उघड्या शेडमध्ये. ओलं लॅटेक्स दुधासारखं पांढरं दिसतं आणि वाळलं की पिवळट, अर्धपारदर्शक होतं, म्हणून रंग ओल्यावर ठरवायचा नाही. टीचभर तुकडा वाळवून बघायचा. हुमणीला तो पिवळटपणा शोभलाच. वाळलेलं लॅटेक्स स्वतःलाच चिकटून बसतं, म्हणून घडी घालण्याआधी टाल्कम पावडर. कलाकाराला रबराची ॲलर्जी नाही ना, हे मनगटावर तुकडा बांधून आदल्या दिवशी पाहिलं.

मोठं डोकं थर्माकोलमध्ये कोरलं. त्यावर थेट फायबरचं रेझिन लावलं की थर्माकोल विरघळतो. गणपतीच्या कारखान्यात काम केलेल्या कारागिराला हे माहीत होतं. आधी फेविकॉल आणि कागदाचे चार थर, ते खडखडीत वाळल्यावर रेझिन. लाळेसाठी गवार गम, लिटरला दहा ग्रॅम. पाणी ढवळत ठेवून पूड भुरभुरत टाकायची, एकदम ओतली की गुठळ्या. रंगासाठी पहिल्या दिवशी काकवी घातली आणि तासाभरात जबड्यावर मुंगळ्यांची रांग लागली. पुढे खायचा रंग वापरला. गवार गम उन्हात आंबतो, रोज ताजा करावा लागतो.

वाळल्यावर सोंग १३ किलो भरलं. आतल्या माणसाला एका वेळी जास्तीत जास्त बारा मिनिटं, दोन छोटे बॅटरीवरचे पंखे, मनगटाला बांधलेली दोरी (दोन हिसके म्हणजे लगेच बाहेर काढा), आणि पोटाला आतून उघडणारं वेल्क्रो. चेन लावायची नाही. लॅटेक्स चेनमध्ये अडकतं.

तिसऱ्या दिवशीचा चिखल

तिसऱ्या दिवशी पहाटे नेपियरच्या रानात पाणी उभं होतं. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीनं येते, त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती आणि मालकानं रात्री नेहमीप्रमाणे पाणी सोडलं. त्याचं काहीच चुकलं नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वेळापत्रकात कलाकारांच्या तारखा होत्या, प्रकाशाच्या वेळा होत्या, पण विजेच्या पाळीचा रकाना नव्हता.

युनिटनं तरीही चिखलात सोंग उतरवलं. ही खरी चूक. पोटाच्या बाजूला गादीवाल्याकडचा पीयू फोम होता. त्याची छिद्रं उघडी असतात, तो पाणी पितो. चार टेकनंतर सोंगाचं वजन २१ किलो झालं आणि कलाकाराच्या कोपरांना सालपटं गेली. पोटावरचं लॅटेक्स पट्ट्यापट्ट्यांनी सुटलं. दुपारी ते ओल्या कापडावरच पुन्हा लावलं गेलं, आणि ते धरणं शक्यच नव्हतं.

दुरुस्ती चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. पोटाचा फोम पूर्ण कापून टाकला. त्या जागी सहा मिमी ईव्हीए फोमशीटच्या चार इंची पट्ट्या, कौलांसारख्या एकीवर एक. ईव्हीएची छिद्रं बंद असतात, ते पाणी धरत नाही. चिकटवायला रबरी सोल्यूशन: दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच दाबायचं. घाईनं ओलंच जोडलं तर संध्याकाळी निघतं. सरपटण्याच्या वाटेवर ताडपत्री आणि तिच्यावर दोन इंच कोरडी माती. त्यानंतर सोंग शेवटपर्यंत टिकलं. दीड दिवस मात्र गेला तो गेलाच.

तोड आली

मुख्य प्लॉट निवडला होता तो उंचीसाठी. आडसाली ऊस, मागच्या वर्षीच्या जुलैची लागण, सोळा महिने झालेले, १२ ते १३ फूट, को ८६०३२. या जातीला कूस (पानांवरची बारीक टोचरी लव) जवळजवळ नसते, त्यामुळे नटांच्या अंगाला खाज कमी. तुराही फुटू लागला होता आणि वरून दिसायला तो सुंदर. कॅमेऱ्याच्या दृष्टीनं निवड बिनचूक, कारखान्याच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे चालतो. पावसाळ्यात लावलेला आडसाली आधी, मग त्यानंतर लावलेला पूर्वहंगामी, मग ‘सुरू’ हंगामाचा आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा पुन्हा फुटलेला. गाळप सुरू झालं की सगळ्यांत उंच ऊसच सगळ्यांत आधी जातो.

मालकानं डिसेंबर सांगितला होता, प्रामाणिकपणे. पण तोड कधी येणार हे मालकाच्या हातात नसतं. त्याचा नोंद क्रमांक चिटबॉयच्या, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या वहीत असतो, आणि विचारायचं तिथं. त्यात शेजारच्या शिवारातली वाट ओली राहिल्यामुळे ट्रॅक्टर आत जाईना, म्हणून मुकादमानं टोळी या प्लॉटकडे वळवली. असं दर हंगामात होतं.

युनिटमधल्या काहींचं म्हणणं होतं की मालकाला चार दिवस टोळी थांबवायला सांगावं. ते न करणंच योग्य होतं. टोळी एकदा परत गेली की पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, आणि तुरा आलेला ऊस उभा राहिला की पोकळ पडून वजन घटतं. सोळा महिन्यांच्या पिकाचा असा जुगार पटासाठी कुणाला खेळायला लावू नये.

मागणी केली ती एवढीच: बांधाकडच्या सहा सऱ्या, शंभर फूट लांबीच्या, तीन दिवस उभ्या ठेवाव्यात. साडेचार फुटी सरी, म्हणजे २७ फूट रुंदी, २,७०० चौरस फूट, अडीच गुंठे. एकरी ५० टन धरले तर गुंठ्याला सव्वा टन, एकूण सव्वातीन टनांच्या आत. टनाला ३,२०० रुपयांनी दहा हजार होतात. ते आगाऊ दिले, आणि नंतर तो ऊस मालकानं गुऱ्हाळाला घातला. टोळीचा मजुरीचा हिशोब टनावर असतो, म्हणून त्या तीन टनांची तोडणीही मुकादमाला चुकती केली. हे विसरलं असतं तर सहा सऱ्या संध्याकाळपर्यंत राहिल्या नसत्या.

त्या रात्री शेवटची १४ मिनिटं पुन्हा लिहिली. मूळ संहितेत माणसं अफाट उसात हुमणीला शोधत फिरत होती. नव्या संहितेत ऊस तुटत चाललाय, लपायला जागा उरत नाहीये, आणि शेवटी सहाच सऱ्या उभ्या आहेत. या भागात तोड बघितलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की रानातलं जित्राब शेवटच्या सऱ्यांत गोळा होतं: ससे, रानडुक्कर, आणि कऱ्हाड-शिराळ्याकडे बिबट्याची पिल्लंसुद्धा. कोयता घेऊन शेवटच्या सरीपाशी उभं राहिलेल्या माणसाचं पाऊल आपोआप जड होतं. ती भीती मूळ लेखनात नव्हती. ती या शिवारातून आली. माझ्या मते पटातला सर्वांत खरा भाग हाच.

अडचणी तरीही होत्या. वरून घेतलं की पट्ट्याच्या कडा दिसतात, म्हणून ट्रॉलीवरचा कॅमेरा बंद आणि सगळं कमरेच्या उंचीवरून. बैलगाडी हवी होती, पण चित्रीकरणात प्राणी वापरायला प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, ती दोन दिवसांत मिळत नाही. जू टेकवून ठेवलेली रिकामी गाडी घेतली. मोकळ्या रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला होता, त्यामुळे मशाल, फटाका, ठिणगी पूर्ण वर्ज्य. पाठीवरचे १६ लिटरचे दोन फवारा पंप पाणी भरून सतत हाताशी. अंधारात एकट्यानं बांधावर जायचं नाही.

संध्याकाळच्या दृश्यांना जत्रेतले स्वस्त एलईडी फ्लड जुन्या जनरेटरवर लावले आणि चित्रात काळे पट्टे सरकू लागले. लोड बदलला की अशा जनरेटरची फ्रिक्वेन्सी पन्नासवरून हलते, मग १/१०० शटर जुळत नाही. भाड्यानं इन्व्हर्टर जनरेटर आणल्यावर ते थांबलं. दिवे मागून, धूर कमी, पुढून काहीच नाही.

हुमणी मरते ती मेटारायझियमनं. ही बुरशी शेतकरी हुमणीवर खरोखर वापरतात, आणि ती लागलेली अळी हिरव्या पुडीनं माखते. सोंगावर ती पूड मक्याच्या पिठात खायचा हिरवा रंग मिसळून केली. रांगोळी वापरायची नाही. तिची दगडी धूळ आतल्या माणसाच्या छातीत जाते.

आवाज

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटक केलं, आणि त्या परंपरेतले राक्षस ‘अलल डुर्र’ करत येत. आरोळीनंच अर्धं काम केलेलं असे. इथेही पहिल्या दोन ब्रेकपर्यंत हुमणी फक्त ऐकू येते. १९५४ च्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) या जपानी पटासाठी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बेसच्या तारेवरून ओढून ती डरकाळी काढली होती. मिरजेत तंबोऱ्यांची कमी नाही. खर्जाची तार ढिली करून ओलं बोट तिच्यावरून ओढलं, माइक भोपळ्याला चिकटवला, आणि संगणकावर दोन सप्तकं खाली आणलं. वर शेंगदाण्याची टरफलं चुरडल्याचा आवाज, जबड्यासाठी. टीव्हीच्या छोट्या स्पीकरला खोल खर्ज झेपत नाही. घरच्या टीव्हीवर ऐकून पाहिल्यावर टरफलांचा आवाज वाढवावा लागला, नाहीतर राक्षस मुकाच राहिला असता.

संकलनात पूर्ण अळी ३४ ऐवजी २६ सेकंदच राहिली. कमी झालेले आठ सेकंद चिखलातल्या टेकचे होते, त्यांत पोटाची सुटलेली पट्टी दिसत होती. अवयवांचे सेकंद १२१ वरून १२९ वर गेले.

ब्यूकॅनन यांच्याकडे एकच सोंग दोन पटांत चाललं होतं, आणि हेही पुन्हा वापरायचं असेल तर ठेवण्याची पद्धत पाळावी लागते. साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवायचं, तेल किंवा डिझेल लागू द्यायचं नाही, आतबाहेर टाल्कम, कड्यांना टांगून ठेवायचं, घडी नाही. ऊन आणि तांबं दोन्ही लॅटेक्सचे शत्रू, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये नको आणि तांब्याच्या तारेनं तर बांधायचंच नाही. थर्माकोलच्या डोक्याला खालून जाळी ठोकली आहे, कारण धान्याच्या खोलीत उंदीर दोन रात्रीत ते पोखरतात.